नागपूरची आजी : बाकाबाईसाहेब भोसले

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या दिवंगत गृहस्थाचे चरित्र छापण्याचा प्रघात आहे. यंदा चिटणीसांनी ते काम मजकडे सोपविले. मी एक निवृत्त शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, वय साठीच्या पलीकडचे. विद्वत्तेचा आव आणणे मला शोभणार नाही. तथापि चौथीच्या मुलांना तीस वर्षे इतिहास शिकविताना एका व्यक्तीविषयी मनात जे साचत गेले ते एकदा कागदावर उतरावे म्हणून लेखणी हाती घेतली आहे. ही व्यक्ती गृहस्थ नव्हे, एक आजी आहे. ती आपल्या ज्ञातीची नव्हती; परंतु आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज तिच्या घरच्या पागेत, कोठीत आणि फरासखान्यात चाकरीस होते असे वडीलधाऱ्यांकडून आपण सर्वांनी ऐकले आहे. तेव्हा तिचे मीठ आपण खाल्लेले आहे. तिचे नाव बाकाबाईसाहेब भोसले.

हे नाव वाचताच पुष्कळांच्या भुवया उंचावतील, हे मी जाणतो. नागपुरात बाकाबाईंचे नाव वर्षातून एकदाच घेतले जाते आणि तेही चांगल्या कारणाने नाही. पोळा फुटल्यावर दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, आपल्या शहरात मारबती निघतात. पिवळी मारबत जगनाथ बुधवारीतून आणि काळी इतवारीतून. दोघींची गाठ नेहरू पुतळ्यापाशी पडते, अलोट गर्दी लोटते, वर्षाची रोगराई आणि इडापिडा घेऊन जा असा पुकारा होतो आणि शेवटी दोन्ही पुतळ्यांना अग्नी दिला जातो. मारबत म्हणजे पूतना मावशी, असेही काही जण सांगतात. पण काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बाकाबाई, ही समजूत शहरात अधिक रुजलेली आहे. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. बाकाबाईंना जाऊन तेव्हा अवघी तेवीस वर्षे झाली होती. म्हणजे त्यांना डोळ्यांनी पाहिलेली माणसे त्या पहिल्या मिरवणुकीच्या गर्दीत खास असतील.

मीही लहानपणी त्या गर्दीत धावलो आहे. सकाळी मारबत, दुपारनंतर तान्हा पोळा, लाकडी नंदीला झूल घालून घरोघर बोजारा मागत फिरणे, असा तो दिवस मुलांच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत मोठा दिवस असे. एका वर्षी घशाच्या शिरा ताणून ओरडत मी घरात शिरलो, तेव्हा ओट्यावर तांदूळ निवडीत बसलेल्या आजीने मान वर न करता म्हटले, "ओरडू नोको बापा. ते बी कोनाची आजीच होती."

माझी आजी निरक्षर होती. तिने हे कोठून ऐकले, तिच्या सासरच्या कोणा पागेकऱ्याकडून की आणखी कोणाकडून, ते मी विचारले नाही. काळी मारबत आळीवरून जाऊ लागली की ती दार ओढून घेई आणि मिरवणूक दूर गेली की पुन्हा उघडी, एवढे मात्र मी अनेक वर्षे पाहिले. एकदा तिने मला विचारले, "तिच्या नातवाचं काय झालं रे?" मी तेव्हा सहावीत होतो. पुस्तक चाळून पाहिले आणि त्यात दिलेले नाही असे सांगितले. तिला ते खरे वाटले नाही. एवढे जाड पुस्तक, आणि त्यात नातवाचे काय झाले ते नाही!

पुढे मास्तरकी करताना ग्रंथालयात या. मा. काळे यांचा १९३४ सालचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' हाती आला. जुनी गॅझेटियरेही ग्रंथपालांच्या कृपेने चाळता आली. त्यांतून जे मला उमगले ते असे.

बाकाबाई या रघूजी भोसले दुसरे यांच्या आवडत्या राणी. रघूजीराजांनी १७८८ पासून १८१६ पर्यंत राज्य केले. १८०३ साली आडगावच्या लढाईत पराभव होऊन देवगावच्या तहाने कटक व वर्धेपलीकडचा वऱ्हाड गेला. तरीही इंग्रजांची तैनाती फौज आपल्या राज्यात घेण्यास त्यांनी मरेपर्यंत रुकार दिला नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढचा सारा वाद तिच्यावर उभा आहे. २२ मार्च १८१६ रोजी राजे निवर्तले. गादीचे वारस परसोजी अंध, पांगळे आणि बुद्धीने मंद. त्यांच्या नावाने कारभार कोणी पाहावा यावरून वाड्यात दोन पक्ष झाले. एका पक्षात बाकाबाई, धर्माजी भोसले व गुजाबादादा गुजर. दुसऱ्या पक्षात रघूजीराजांचे पुतणे मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब. आप्पासाहेब सरशीस आले, धर्माजी कैदेत पडले आणि पुढे मारले गेले. आपला पक्ष बळकट व्हावा म्हणून मे १८१६ मध्ये आप्पासाहेबांनी रात्रीच्या रात्री इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. जे रघूजीराजांनी जन्मभर टाळले ते त्यांच्या निधनानंतर दोन महिन्यांत घडले, आणि ते बाकाबाईंनी केले नाही. त्यांना कारभारातून दूर ठेवण्यासाठी ते केले गेले.

१ फेब्रुवारी १८१७ च्या रात्री परसोजींचा वाड्यातच खून झाला. तो आप्पासाहेबांच्या सांगण्यावरून झाला असा आरोप पुढे त्यांच्यावर आला. आप्पासाहेब राजे झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या २६ व २७ तारखांना सीताबर्डीच्या टेकडीवर ते इंग्रजांविरुद्ध लढले आणि त्या दोन दिवसांनी त्यांचे मागचे सर्व धुऊन निघाले. पराभवानंतर त्यांस कैद झाली, मे १८१८ मध्ये ते पहाऱ्यातून निसटले, रानोमाळ भटकले आणि १८४० साली जोधपुरास आश्रितावस्थेत वारले. त्यांची गणना आपण स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्यांत करतो. ती यथार्थच आहे. शाळेत मी स्वतः सीताबर्डीची लढाई शिकवताना मुलांच्या अंगावर रोमांच उभे करण्याचा शिकस्तीचा प्रयत्न केला आहे. मात्र तैनाती फौजेचा तह कोणाच्या हातचा, हा प्रश्न वर्गात कोणी विचारू नये असे मला त्या वेळी वाटत असे, हेही कबूल करतो.

आता बाकाबाईंच्या जागी क्षणभर बसून पाहावे. पती गेलेला. त्यांच्यामागे गादीवर बसलेला पतीचा पुत्र वाड्यात गळा दाबून मारलेला. ज्याच्यावर त्या खुनाचा संशय तोच सिंहासनावर, आणि पुढे तोच परागंदा. अशा वेळी रेसिडेंट जेन्किन्स याने वाड्यातील मंडळींशी मसलत करून रघूजीराजांची कन्या बनूबाई यांचा मुलगा बाजीबा यास परसोजींच्या विधवा दुर्गाबाई यांच्या मांडीवर दत्तक दिला व २६ जून १८१८ रोजी रघूजी तिसरे या नावाने गादीवर बसविले. मुलाला मिसरूडही फुटलेले नव्हते. राज्याचा कारभार जेन्किन्सने आपल्या हाती घेतला. मुलाचे संगोपन आणि वाड्याचा बंदोबस्त बाकाबाईंकडे राहिला.

इंग्रजांना मिळालेली म्हणतात ते एवढ्यावरून. त्यांनी हे स्वीकारले, यात शंका नाही. ज्यांच्या तोफांनी महिनाभर आधी नव्हे, सहाच महिन्यांपूर्वी शहर हादरविले होते, त्यांच्याच हातून नातवासाठी गादी घेतली. न घेत्या तर काय होते? मुलगा कोणा सरदाराच्या घरी पोसला गेला असता, राज्य १८५४ ऐवजी १८१८ मध्येच खालसा झाले असते, किंवा रेसिडेंटाने दुसरा कोणी मुलगा शोधला असता. मी इतिहासकार नसल्याने यांतले कोणते झाले असते ते सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु ज्या बाईच्या पदरात एक पोर आहे तिने तत्त्वासाठी त्याला उघड्यावर टाकावे असे म्हणणारे बहुधा स्वतः पोर वाढविलेले नसतात.

आठ वर्षे हा नातू बाकाबाईंच्या नजरेखाली वाढला. १८२६ मध्ये राजांशी नवा तह होऊन सत्तेचा काही भाग त्यांच्याकडे आला आणि १८३० पर्यंत उरलेला मुलूखही त्यांच्या हाती सोपविण्यात आला. पुढली वीसपंचवीस वर्षे राज्य शांततेने चालले. बाकाबाई या काळात कागदोपत्री फारशा दिसत नाहीत. घरात सर्व सुरळीत असले म्हणजे आजीची नोंद कोण ठेवतो?

११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजी तिसरे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वारले. पोटी पुत्र नव्हता. पती, सावत्र मुलगा, नातू असे तीन राजे बाकाबाईंनी आपल्या डोळ्यांदेखत जाताना पाहिले. आजीच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. ते मला सापडले तेव्हा तिला जाऊन बारा वर्षे झाली होती.

राण्यांची इच्छा अहेरराव घराण्यातील यशवंतराव या मुलास दत्तक घ्यावे अशी होती. गव्हर्नर जनरल डलहौसी याने ते मानले नाही. त्याच्याच कौन्सिलातील कर्नल लो याने नागपूर खालसा करण्यास लेखी विरोध केला, पण तोही चालला नाही. सुमारे ऐंशी हजार चौरस मैलांचे राज्य मार्च १८५४ मध्ये कंपनीच्या नकाशात गेले. राण्यांनी विलायतेपर्यंत वकील पाठविले; ते रिकाम्या हाताने परतले.

यानंतर जे घडले ते लिहिताना माझ्यासारख्या साध्या माणसाचाही हात जड होतो. भोसल्यांचे हत्ती, घोडे, उंट व बैल अशी पाचसहाशे जनावरे सीताबर्डीस लिलावात कवडीमोलाने विकली गेली. आपल्या पूर्वजांपैकी जे पागेत होते त्यांनी ती जनावरे स्वतः खरारा करून लिलावाच्या मैदानावर नेली असतील, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. वाड्यातील सामानास हात घालण्याची वेळ आली तेव्हा पाऊणशे वर्षांच्या बाकाबाईंनी निरोप पाठविला की सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन. ही गोष्ट बंडाचा इतिहास लिहिणाऱ्या के नावाच्या इंग्रजाने लिहून ठेवली आहे, आणि लिहिताना बाईंविषयीचा आदर त्याला लपविता आलेला नाही. सामान अर्थातच नेण्यात आले. वाडा त्यांनी पेटविला नाही. तो १८६४ मध्ये जळाला. काळ्या दगडाचे आणि कोरीव लाकडाचे ते काम गेले आणि महालात नगारखान्याची कमान तेवढी मागे राहिली. बाकाबाई तेव्हा हयात नव्हत्या.

आता १८५७. या ठिकाणी बाकाबाईंचा वकील म्हणून उभे राहणाऱ्याचा आवाज खाली येतो, आणि माझाही येतो. १३ जूनच्या रात्री टाकळीच्या घोडदळाने उठाव करावयाचा बेत केला होता. सीताबर्डीचे पायदळ त्यांना मिळाले नाही आणि बेत फसला. पुढे शहरात फाशी झाली. बाकाबाईंनी या दिवसांत आपल्या आप्तांना व आश्रितांना बजावले की तुमच्यापैकी कोणी उठावात सापडला तर मी स्वतः त्याला इंग्रजांच्या हवाली करीन. भोसल्यांच्या घरातून उठावाची हाक निघती तर मराठी मुलूख शांत राहिला नसता, हे सरकारी गॅझेटियरानेच मान्य केले आहे. ज्या कंपनीने राज्य बुडविले, हत्तीघोडे विकले, अंगावरचे दागिनेही मोजले, तिच्याच बाजूने ही वृद्धा उभी राहिली. टाकळीचा बेत त्यांच्यामुळे फसला नाही, असे मी म्हणू शकतो, आणि ते खरे आहे. पण ती हाक निघाली नाही ती त्यांच्यामुळे, हेही खरे आहे. फासावर गेलेल्यांच्याही आज्या होत्या.

हे मी माझ्या परीने पुष्कळ वर्षे उलगडून पाहिले. भय म्हणावे, तर वाडा पेटविण्याची भाषा करणारी बाई भित्री नव्हती. लोभ म्हणावे, तर विकत घेण्यासारखे काय उरले होते? एकच गोष्ट उरली होती, दत्तकाचा तो मुलगा. सप्टेंबर १८५८ मध्ये बाकाबाई वारल्या. दोन महिन्यांच्या आत तात्या टोपे नर्मदा उतरून मुलताईपर्यंत आले, आणि वाट वाकडी करून पुढे गेले. १८६० मध्ये कॅनिंगने यशवंतरावांचे दत्तविधान मान्य केले. ते जानोजी भोसले झाले आणि सातारा जिल्ह्यातील देऊर गावावरून त्यांस राजाबहादूर हा किताब मिळाला. राज्य मिळाले नाही. घर उरले, घराण्याचे नाव चालू राहिले. हे बाकाबाईंच्या त्या वर्षीच्या वागणुकीचे फळ होय असे सरकारी कागद सांगतात. त्यांना हेच हवे होते काय, हे त्यांनी स्वतः कोठे लिहून ठेवलेले मी वाचलेले नाही. माझा तसा ग्रह आहे, आणि तो का आहे ते सांगणे आता भाग आहे.

माझी आजी १९१८ च्या मानमोडीत विधवा झाली. पदरी एक वर्षाचा मुलगा, तो माझा बाप. त्याला तिने सूत कातून आणि लोकांची धुणीभांडी करून वाढविले. मी चार वर्षांचा असताना तोही गेला, आणि म्हातारपणी तिच्या पदरी पुन्हा एक पोर आले. सामाईक घरात आमचा दोन खणांचा हिस्सा होता. त्या घरासाठी भाऊबंदांत कोर्टकज्जा चालू होता आणि सर्वांनी मिळून ठरविले होते की समोरच्या पक्षाच्या हाती एकही खण जाऊ द्यावयाचा नाही. मी आठवीत असताना आजीने त्या ठरावाकडे पाठ फिरविली आणि समोरच्याच पक्षाला आमचे दोन खण अंगठा उठवून लिहून दिले. मिळालेल्या पैशांत माझी मॅट्रिकपर्यंतची फी, पुस्तके आणि पोटाची सोय झाली. दावा भाऊबंद हरले. त्यानंतर आमच्या घरी लग्नकार्याचे बोलावणे येईनासे झाले. तिला 'घरबुडवी' म्हणत. तिच्या तोंडावर म्हणत, माझ्यादेखत म्हणत. चुलतआज्याने तर मरेपर्यंत तिच्या हातचे पाणी घेतले नाही. मी रडत घरी आलो की ती म्हणे, "नाव मले ठेवतीन, ठेवू दे. तू शिक."

भाऊबंदांचे चुकले असे मी आजही म्हणू शकत नाही. त्यांची मुले त्या घरात वाढावयाची होती, ती बाहेर पडली. त्यांच्यातील एकाला पुढे शाळा सोडून दुकानात पुड्या बांधाव्या लागल्या. तो माझ्याच वयाचा. आजही भेटतो आणि मला गुरुजी म्हणतो. मला त्याच्याकडे सरळ पाहता येत नाही. आजी मात्र १९७९ साली जाईपर्यंत या विषयावर एक अक्षर बोलली नाही. केले ते बरोबर होते असे म्हणाली नाही आणि चुकले असेही म्हणाली नाही. ती गेली त्या दिवशी खांदा द्यायला आळीतले लोक आले. भाऊबंदांपैकी तो पुड्या बांधणारा एकटा आला.

राणीची आणि मोलकरणीची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. काळी मारबत बंद करावी असा अर्जही मी येथे करीत नाही. लोकांचा सण आहे, इतक्या वर्षांचा आहे, पिवळ्या मारबतीच्या मागे तर परक्या सत्तेचा संताप होता, आणि बडग्यांच्या तोंडून भ्रष्टाचारापासून महागाईपर्यंत सर्वांना नागपूरकर वर्षातून एकदा मनसोक्त शिव्या देऊन घेतात. चांगले आहे. शाळेत मुले मला विचारीत, गुरुजी, मारबत म्हणजे कोण? मी पूतनेची गोष्ट सांगत असे. बाकाबाईंची गोष्ट तीस वर्षांत एकदाही सांगितली नाही. चौथीच्या मुलांना ती कशी सांगावी ते मला कधी सुचले नाही, म्हणून ती आज मोठ्यांसाठी येथे लिहिली.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. मुलांचा तान्हा पोळा रघूजीराजे दुसरे यांच्या काळात सुरू झाला अशी नागपुरात परंपरा आहे. म्हणजे ज्या दिवशी सकाळी राणीचा पुतळा जाळावयाचा त्याच दिवशी संध्याकाळी राजाने लावून दिलेला मुलांचा सण करावयाचा. गेल्या पोळ्यास माझा पाच वर्षांचा नातू लाकडी नंदी घेऊन बोजारा मागावयास निघाला. त्या सकाळी मारबत पाहून आल्यामुळे त्याचा घसा बसला होता. मी त्याला काही म्हटले नाही. मिरवणूक आळीवरून गेली तेव्हा मी दार ओढून घेतले होते. ते त्याने स्वतःच ढकलून उघडले आणि बाहेर धावला.